सॉफ्टवेअर सिंथ: निवड आणि निदान

संगीतनिर्मितीला नव्याने लागलेल्या माणसाचे दोन प्रश्न ठरलेले असतात. कोणता सिंथ घेऊ, हा पहिला. घेतलेला सिंथ वाजत का नाही, हा दुसरा, आणि तो बहुधा पहिल्याच रात्री पडतो. पहिल्याला लोक नावांची यादी देतात, दुसऱ्याला 'काढून परत टाक' एवढे सांगून मोकळे होतात. दोन्ही उत्तरे कुचकामी, कारण सिंथच्या आत काय चालते याला ती हातच लावत नाहीत. या विवेचनाचे म्हणणे असे की हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. बोट पट्टीवर पडल्यापासून स्पीकरमधून सूर निघेपर्यंतचा मार्ग ज्याला पाठ आहे त्याला निवडही जमते आणि बिघाडही सापडतो. ज्याला तो ठाऊक नाही तो पन्नास सिंथ जवळ असूनही प्रीसेटच्या यादीत वर-खाली करत बसतो.

निरोप आणि ध्वनी

मिडी कीबोर्डची पट्टी दाबली की संगणकाकडे आवाज जात नाही, निरोप जातो. सीक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये मिडी हे प्रमाण रूढ झाले. त्यातला मूळ निरोप आजही तोच आहे: चॅनल कोणता, सूर कोणता, जोर किती. सुरांना ० ते १२७ असे आकडे आहेत. ६० म्हणजे मधला सी, ६९ म्हणजे ४४० हर्ट्झचा ए. (या ६० ला कुणी सी३ म्हणते, कुणी सी४. यामाहाची आणि इतरांची पद्धत वेगळी, हा जुना घोळ आहे. व्हिडिओत शिकवणाऱ्याचा बेस आपल्यापेक्षा नेमका एक सप्तक खाली वाजत असेल तर आधी हे पाहावे.) बोट उचलले की दुसरा निरोप जातो. पट्टी किती वेळ दाबलेली होती याची मिडीत नोंदच नसते. सुरुवात झाली आणि संपली, एवढेच त्याला कळते. अडकलेल्या सुरांचे मूळ इथे आहे, त्याकडे पुढे येऊ.

हा निरोप रीपर, एफएल स्टुडिओ, एबलटन लाइव्ह, क्यूबेस, लॉजिक यांपैकी ज्या कोणत्या डीएडब्ल्यूमध्ये आपण काम करतो तिथल्या ट्रॅकवर येतो आणि ट्रॅकवर बसवलेल्या प्लगइनच्या हाती पडतो. प्लगइनमध्ये त्या सुरासाठी एक 'व्हॉइस' जागी होते. ऑसिलेटर लहर काढतो, फिल्टर ती घासतो, अॅम्प्लिफायर तिला चढउतार देतो. हे चढउतार किती वेळात व्हायचे ते एन्व्हलप ठरवतो, आणि एलएफओ यातले काहीही संथपणे हलवत राहतो. शेवटी कोरस, डिले, रिव्हर्ब. इथून पुढे जे वाहते तो ध्वनी, म्हणजे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० आकडे. ते ट्रॅकच्या फेडरमधून मास्टरला, मास्टरमधून ड्रायव्हरला आणि ड्रायव्हरमधून ऑडिओ इंटरफेसला जातात.

स्टाइनबर्गने १९९६ मध्ये क्यूबेसबरोबर व्हीएसटी आणले तेव्हा प्लगइन फक्त आलेल्या आवाजावर प्रक्रिया करत असे. १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्लगइनला मिडी स्वीकारता येऊ लागले आणि ते स्वतःच वाद्य झाले. तेव्हापासून निरोप आणि ध्वनी यांची सीमा प्लगइनच्या पोटात असते. अलीकडे काय बिघडू शकते आणि पलीकडे काय, यांच्या याद्या पूर्ण वेगळ्या आहेत. नवखा माणूस त्या एकत्र करतो आणि मिडी केबल बदलून खरखर घालवायला बघतो.

लहर जन्मते कशी

सिंथची नावे शेकडो आहेत, लहर जन्माला घालण्याच्या रीती मात्र चार-पाचच. निवड त्या रीतीची करायची असते.

सगळ्यात जुनी आणि शिकायला सगळ्यात चांगली ती वजाबाकीची रीत. ऑसिलेटर भरगच्च लहर देतो, फिल्टर तिच्यातून नको ते कापतो. करवती लहरीत मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे उपस्वर असतात, चौकोनी लहरीत फक्त विषम. १९७० च्या मिनीमूगमध्ये तीन ऑसिलेटर आणि एक फिल्टर होता. आजच्या बहुतेक सॉफ्टवेअर सिंथचा सांगाडा त्याच वंशातला आहे. या रीतीत कान आणि हात एकमेकांना पटकन समजतात: कटऑफ खाली आणला की आवाज मंद, काळसर होतो, वर नेला की उजळतो. केले आणि ऐकू आले यांत अंतर नसते, म्हणून सुरुवात इथून करावी.

मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी केली ती रोलँडच्या तीन यंत्रांवर: ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८. त्यातले टीबी-३०३ हे बेस गिटारची उणीव भरून काढायला आणलेले लहानसे यंत्र. ऑसिलेटर एक, फिल्टर एक. पण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यात होती, आणि रागाच्या चलनाला नेमकी तीच हवी असते. २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली तेव्हा शिकागोच्या अॅसिड हाउसशी तिचे साम्य पाहून जाणकारांनी डोळे विस्फारले. आपल्या मुद्द्यापुरते पाहिले तर यंत्रात काय काय आहे यापेक्षा ते यंत्र सुराला एका जागेवरून दुसरीकडे कसे नेते, हे तिथे कामी आले.

एफएममध्ये कापायचे काही नसते. एक लहर दुसरीची वारंवारता भराभर हलवते आणि त्या हलण्यातूनच नवे उपस्वर उपजतात. स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये हे गवसले, यामाहाने त्याचा परवाना घेतला आणि १९८३ मध्ये डीएक्स७ बाजारात आणला. दोन लहरींचे प्रमाण १:१ ठेवले तर सगळे उपस्वर मिळतात, हलवणारी लहर दुप्पट वेगाची ठेवली तर फक्त विषम, आणि १:१.४१ असे तिरपागडे प्रमाण ठेवले की सूर घंटेसारखा वाजू लागतो. डेक्स्ड हा मोफत प्लगइन डीएक्स७ ची हुबेहूब घडण घेऊन येतो, सहा ऑपरेटर आणि ते जोडण्याच्या ३२ तऱ्हा यांसकट. घंटा, इलेक्ट्रिक पियानो, काचेसारखे ठोके यांना त्याला तोड नाही. पण पहिला सिंथ म्हणून तो घेऊ नये. एक आकडा बदलला की काय होईल याचा अंदाज बांधायला कानाला बराच काळ लागतो, आणि तोवर उत्साह मावळतो.

वेव्हटेबलच्या रीतीत एकेका चक्राच्या पुष्कळ लहरी ओळीने मांडलेल्या असतात आणि वाजत असताना आपण त्या ओळीतून पुढे-मागे सरकतो. आवाजाचा पोत सुराच्या आतच पालटत जातो. हॅम्बुर्गच्या वोल्फगांग पाम यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस हे यंत्रात उतरवले. स्टीव्ह ड्युडा यांच्या सिरमने २०१४ पासून आणि मॅट टायटेल यांच्या व्हायटलने २०२० पासून ते घरोघरी पोचवले. व्हायटलची मूळ आवृत्ती मोफत आहे. करवती लहर घेऊन त्याला वजाबाकीच्या सिंथसारखेही वापरता येते.

खरी सतार, खरा पखवाज हवा असेल तर यातले काहीच कामाचे नाही. तिथे ध्वनिमुद्रित नमुने वाजवणारा सॅम्पलर घ्यावा. सिंथकडून सारंगी काढू पाहणारे पुष्कळ भेटतात, सारंगी निघालेली ऐकली नाही.

कशावरून घ्यावा

'दहा हजार प्रीसेट' ही जाहिरात निवडीची सर्वांत वाईट कसोटी. प्रीसेट ऐकताना आपण सिंथ ऐकतच नसतो, ऐकत असतो तो त्याच्यावर ओतलेला रिव्हर्ब आणि डिले. दुकानात साडी पिवळ्या दिव्याखाली पाहावी तसे ते आहे. म्हणून कोणताही सिंथ उघडला की आधी त्याचा कोरा पॅच मागावा. मेनूत कुठेतरी 'इनिशियलाइझ' किंवा 'इनिट' असते.

व्हायटलमध्ये हे करून पाहू. कोरा पॅच उघडला की पहिला ऑसिलेटर चालू असतो, बाकीचे सारे बंद. एक पट्टी धरून ठेवावी. मग पहिला फिल्टर चालू करून ऑसिलेटर त्यात सोडावा आणि कटऑफची कळ हळूहळू खाली आणावी. आवाज पायरीपायरीने नव्हे तर सलग मावळला पाहिजे. रेझोनन्स वाढवून पुन्हा तेच करावे, आता कटऑफच्या जागी एक शीळ ऐकू येईल. दुसरा एन्व्हलप उचलून कटऑफवर सोडावा. कळीभोवती रंगीत कंस उमटतो, म्हणजे जोडणी झाली. डिके ३०० मिलिसेकंद, सस्टेन शून्य. पट्टी दाबताच आवाज उजळून बसतो: हा झाला प्लक. आता सगळ्यात वरच्या सप्तकात जाऊन करवती लहर वाजवावी. सुराबरोबर खाली भलतेच, सुराशी नाते नसलेले पुटपुटणे ऐकू आले तर सिंथ आपले वरचे उपस्वर नीट आवरत नाही असे समजावे. ४४,१०० च्या वेगाला २२,०५० हर्ट्झच्या वरचे काही मावत नाही. जे मावत नाही ते दुमडून खाली येते, आणि ते न येऊ देणे हे सिंथ लिहिणाऱ्याचे कसब.

दहा मिनिटांची ही तपासणी कोणत्याही सिंथला लावता येते आणि तिच्यातच पुढची कसोटी आपोआप होते: पडदा वाचता येतो का? लहर कुठून निघाली, कुठे गेली, तिला कोण हलवते आहे, हे न शोधता दिसले पाहिजे. व्हायटल यात उजवा ठरतो कारण प्रत्येक हालचाल पडद्यावर चालताना दिसते. सर्ज एक्सटी तितका देखणा नाही, पण आवाका मोठा. क्लेस योहानसन यांनी सर्जचा कोड २०१८ मध्ये खुला केला, तेव्हापासून स्वयंसेवक तो वाढवत आहेत. वजाबाकी, वेव्हटेबल, एफएम, तारेचे अनुकरण असे सगळे प्रकार त्यात एकाच छपराखाली आहेत आणि पैसा लागत नाही. माझे मत विचाराल तर पहिले सहा महिने व्हायटल, नंतर सर्ज, आणि एफएमची ओढ लागलीच तर डेक्स्ड. पैसे खर्चायचेच असतील तर तोवर ते बऱ्या हेडफोनवर खर्चावेत. डीएडब्ल्यूबरोबर आलेला सिंथही कमी लेखू नये. लॉजिकमधला रेट्रो सिंथ किंवा एफएल स्टुडिओमधला थ्री एक्स ऑस्क यांवर वजाबाकीचा सगळा पाठ होतो, आणि स्कॅन, परवाना, फॉरमॅट ही भानगडच उरत नाही.

फॉरमॅटचे मात्र आधी बघावे, आवाजाच्या प्रेमात पडण्यापूर्वी. लॉजिकला ऑडिओ युनिटच लागते, प्रो टूल्सला एएएक्स, बाकी बहुतेकांना व्हीएसटी३ चालते. बिटविग आणि यू-हे यांनी २०२२ मध्ये आणलेले क्लॅप हे खुले फॉरमॅट बिटविग, रीपर अशा काहींना समजते.

यंत्राची ताकद हाही निवडीचाच भाग. यू-हेचा डिव्हा घ्या: जुन्या अॅनालॉग फिल्टरांचे वागणे तो अतिशय बारकाईने मोजतो आणि त्यासाठी प्रोसेसर पिळून काढतो. म्हणून त्यात अचूकतेच्या ड्राफ्ट, फास्ट, ग्रेट, डिव्हाइन अशा पायऱ्या दिल्या आहेत. जुन्या लॅपटॉपवर तो पहिला सिंथ म्हणून घेणे म्हणजे रोज खरखरीशी भांडण. आणि क्रॅक केलेली प्रत? नीतीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी निदानाचा उरतो. कुणीतरी पोट फाडून पुन्हा शिवलेला प्लगइन कोसळला तर दोष मूळ सिंथचा, शिवणाऱ्याचा की बरोबर आलेल्या व्हायरसचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

काटा कुठे थांबला

आता बिघाड. नियम एकच: मार्ग अर्धा करा आणि दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते ठरवा. त्यासाठी चार काटे पुरतात. डीएडब्ल्यूमधला मिडीचा दिवा, प्लगइनचा स्वतःचा मीटर, ट्रॅकचा मीटर, मास्टरचा मीटर. पट्टी दाबून पहिला न हलणारा काटा शोधावा. दोष त्याच्या आणि आधीच्या काट्याच्या मध्ये असतो.

मिडीचाच दिवा लागला नाही तर सिंथला दोष देऊ नये. कीबोर्ड डीएडब्ल्यूच्या सेटिंगमध्ये चालू केलेला नसेल, ट्रॅक रेकॉर्डसाठी सज्ज नसेल, किंवा कीबोर्ड दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रॅमने धरून ठेवला असेल. दिवा लागतो पण प्लगइन गप्प, तर चॅनल बघावा: कीबोर्ड दहाव्यावर बोलतो आहे आणि ट्रॅक पहिल्यावर ऐकतो आहे असे होते. मग प्लगइनच्या आत. फिल्टर पुरता मिटलेला, अॅम्पचा अटॅक दोन सेकंदांचा, ऑसिलेटर बंद, आवाजाची कळ शून्यावर. कोरा पॅच घातला आणि वाजला तर दोष पॅचमध्ये आहे, सिंथमध्ये नाही, आणि शोध तिथेच अर्धा संपतो. मास्टरचा काटाही नाचतो पण कानाला काही नाही, तर आवाज दुसऱ्याच दारातून बाहेर पडतो आहे: बंद असलेल्या मॉनिटरच्या एचडीएमआयकडे, नाहीतर शेजारच्या खोलीतल्या ब्लूटूथ स्पीकरकडे.

प्लगइन यादीतच दिसत नाही ही तक्रार सर्वाधिक येते आणि ती सर्वांत सोपी. विंडोजवर व्हीएसटी३ ची जागा ठरलेली आहे: सी ड्राइव्ह, प्रोग्रॅम फाइल्स, कॉमन फाइल्स, व्हीएसटी३. मॅकवर लायब्ररी, ऑडिओ, प्लग-इन्स, आणि ऑडिओ युनिटसाठी त्याच्या आत कम्पोनंट्स. फाइल तिथे आहे आणि तरी दिसत नाही, तर डीएडब्ल्यूने आधीच्या एखाद्या स्कॅनमध्ये तिला बिघडलेली ठरवून बाजूला टाकलेले असते. ती नोंद पुसून पुन्हा स्कॅन करावे. खूप जुना मोफत सिंथ असेल तर तो ३२ बिटचा असण्याची शक्यता आहे, ६४ बिटच्या डीएडब्ल्यूला तो परका.

सूर अडकतो, म्हणजे बोट उचलले तरी वाजत राहतो, तेव्हा 'संपला' हा निरोप वाटेत हरवलेला असतो किंवा पॅडलने रोखलेला असतो. डीएडब्ल्यूतले 'पॅनिक' बटण सगळ्यांना एकदम गप्प करते, पण ते औषध नव्हे. पॅडल तपासावे. बऱ्याच कीबोर्डांत चालू होताना पॅडल ज्या स्थितीत असते ती 'वर' अशी धरली जाते. पाय ठेवून चालू केला की सगळे उलटे.

सूर चुकीचा लागला तर आधी विचारावे, एकच सिंथ बेसूर आहे की सगळे गाणे? सगळे असेल तर प्रकल्प ४४,१०० चा आणि इंटरफेस ४८,००० चा, असा बेबनाव झालेला असू शकतो. त्याने सूर सुमारे दीड सेमीटोन सरकतो. एकटा सिंथ असेल तर पिच व्हील मध्यावर परतले नाही किंवा ऑसिलेटरच्या ट्यूनला धक्का लागला.

खरखर तीन प्रकारची

ज्या तक्रारीत सर्वाधिक वेळ आणि पैसा वाया जातो ती ही, म्हणून तिथे थोडे थांबू. कानाला एकसारख्या वाटणाऱ्या तीन अगदी वेगळ्या गोष्टींना लोक खरखरच म्हणतात, आणि तिघींचा उपाय वेगळा.

त्यांना वेगळे करणारी चाचणी साधी आहे. तो भाग फाइलमध्ये एक्स्पोर्ट करावा आणि साध्या प्लेअरवर ऐकावा. एक्स्पोर्टच्या वेळी संगणकाला घाई नसते. एका सेकंदाचा आवाज बनवायला तो तीन सेकंद घेऊ शकतो. म्हणून खरखर फाइलमध्येही आली तर ती ध्वनीतच आहे. फाइल स्वच्छ निघाली तर दोष यंत्राच्या वेगात आहे.

फाइलमध्ये आली तर पुन्हा दोन शक्यता. प्रत्येक सुराच्या सुरुवातीला किंवा शेवटी 'टक' होत असेल तर ते एन्व्हलपचे काम. अटॅक शून्यावर ठेवला की लहर मधूनच, उंचीवरून सुरू होते आणि त्या उडीचाच टक ऐकू येतो. खालच्या सुरातल्या साइन लहरीत तो जास्त उघडा पडतो कारण त्याला झाकायला उपस्वरच नसतात. अटॅक तीन-चार मिलिसेकंद, रिलीज दहा-पंधरा केला की संपले. मोठ्या सुरांवरच फाटत असेल तर ते क्लिपिंग. रेझोनन्स चढवलेला असेल, प्रीसेट आधीच तुडुंब भरलेला असेल, कॉर्डात चार सूर एकदम आले असतील. मास्टरचा फेडर ओढून भागत नाही, कारण फाटणे बहुतेकदा सिंथच्या आत किंवा त्याच्या नंतरच्या डिस्टॉर्शनमध्ये झालेले असते. आवाज सिंथच्या स्वतःच्या आउटपुटपाशी सहा-आठ डेसिबल खाली आणावा.

फाइल स्वच्छ, वाजवताना मात्र खरखर, ही तिसरी जात. संगणक आवाज सलग काढत नाही, बफर भरून पुढे सरकवतो. २५६ नमुन्यांचा बफर ४४,१०० च्या वेगाला ५.८ मिलिसेकंदांचा होतो. तेवढ्या वेळात पुढचा बफर तयार झाला पाहिजे, नाही झाला तर भोक पडते, आणि ते भोक म्हणजे खरखर. इथे नवख्याला टास्क मॅनेजर फसवतो. तो म्हणतो प्रोसेसर तीस टक्केच वापरात आहे. ते सगळ्या कोअरचे आणि बऱ्या काळाचे सरासरी माप. एका ट्रॅकची साखळी सहसा एकाच कोअरवर चालते, आणि त्या एका कोअरला ५.८ मिलिसेकंदांची मुदत चुकली की बाकीचे सात कोअर रिकामे बसले तरी भोक पडतेच. डीएडब्ल्यूचा स्वतःचा मीटर बघावा, तो मुदतीच्या हिशेबात बोलतो.

बोजा येतो कुठून? व्हायटलमध्ये तिन्ही ऑसिलेटर चालू, प्रत्येकाला सातचा युनिसन. एका सुराला २१ लहरी, चार सुरांच्या कॉर्डला ८४. रिलीज चार सेकंदांचा आणि दर सेकंदाला कॉर्ड बदलतो, तर वाजणाऱ्या कॉर्डबरोबर मागच्या चारांच्या शेपट्या जिवंत असतात: ४२० लहरी एकाच वेळी. ऐकणाऱ्याला त्या शेपट्या रिव्हर्बखाली ऐकूही येत नाहीत. पॉलिफनीची मर्यादा आठावर आणावी, रिलीज दीड सेकंद करून उरलेले काम रिव्हर्बवर सोपवावे, युनिसन सातावरून चारावर आणून डीट्यून किंचित वाढवावा. फरक कानाला कळणार नाही, मीटरला कळेल. ओव्हरसॅम्पलिंग काम करताना कमी ठेवून एक्स्पोर्टला वाढवावे.

मग बफर. वाजवून रेकॉर्ड करताना १२८ किंवा २५६, मिक्स करताना १०२४. दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे स्पीकरपासून साडेतीन मीटर दूर बसल्यासारखे, बोटांना तो चालतो. ब्लूटूथ हेडफोनचा उशीर सहज याच्या दहा-वीसपट असतो, म्हणून ते लावून कुणी पट्ट्या वाजवू नयेत. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर वापरावा, इंटरफेसच नसेल तर एएसआयओ फोर ऑल कामचलाऊ ठरतो. इतके करूनही दर थोड्या वेळाने एखादे भोक पडत असेल आणि सिंथचा बोजा कमी असेल, तर संशयित वाय-फायचा ड्रायव्हर किंवा लॅपटॉपची वीज वाचवणारी सेटिंग. लेटन्सीमॉन हे छोटे मोफत साधन कोणता ड्रायव्हर वाट अडवतो ते नावानिशी दाखवते.

बेसूर नसलेला बेसूरपणा

आपल्याकडच्या कामात एक तक्रार हमखास येते आणि तिचे उत्तर वरच्या कोणत्याही काट्यावर दिसत नाही. तानपुऱ्याच्या ट्रॅकवर सिंथचा पॅड ठेवला की दोघे भांडतात. सिंथ बेसूर म्हणून लोक ट्यूनची कळ फिरवतात, मग षड्जही जातो.

हिशेब असा. काळी एकचा सा धरला आणि जोडीची तार १३८.६ हर्ट्झला लावली, तर तिचा पाचवा उपस्वर ६९३ ला येतो. तानपुऱ्यात गंधाराची तार नसताना जो गंधार ऐकू येतो तो हाच. सिंथच्या कॉर्डातला एफ मात्र समान अंतराच्या सप्तकाचा, ६९८.५ चा. दोघांत सेकंदाला साडेपाच हेलकाव्यांची थरथर होते. अंतर चौदा सेंटचे, आणि ते सिंथच्या चुकीचे नाही, सप्तक वाटण्याच्या दोन पद्धतींमधले आहे. पंचमात हे अंतर दोनच सेंट, म्हणून सा-प चा पॅड निमूट बसतो. तेव्हा एक तर पॅडमधून गंधार काढावा आणि तो गाणाऱ्यासाठी मोकळा सोडावा, नाहीतर सर्ज एक्सटीमध्ये स्काला फाइल घालून सप्तकच बदलावे. सर्ज पुढच्या पायरीला घ्यावा असे वर म्हटले त्याचे हे एक कारण. मी बहुतेक वेळा पहिलाच मार्ग धरेन. गंधार न मिळालेला पॅड पेटीलाही जागा देतो.

मींडेचे गणितही निवडीच्या वेळीच बघून घ्यावे. सिंथ एकसुरी म्हणजे मोनो करता येतो का, लेगॅटो आहे का, ग्लाइड फक्त जोडलेल्या सुरांवरच लागेल असे ठरवता येते का. पिच व्हीलचा पल्ला सहसा दोन सेमीटोनांचा असतो, मींडेसाठी तो बारापर्यंत न्यावा लागतो. पण हा पल्ला सिंथमध्ये ठरतो, मिडीत फक्त व्हीलची जागा नोंदली जाते. रेकॉर्डिंगनंतर पल्ला बदलला की आधी घेतलेल्या सगळ्या मींडा भलत्या सुरावर जाऊन उतरतात. म्हणून पहिला सूर घेण्याआधी पल्ला ठरवावा आणि पॅच स्वतःच्या नावाने सेव्ह करावा.

सेव्ह करण्यावरून आणखी एक. प्रकल्पाच्या फाइलमध्ये सिंथ नसतो, त्याच्या कळांच्या जागा तेवढ्या असतात. सिंथच नाहीसा झाला तर त्या जागांना काही अर्थ राहत नाही. स्टाइनबर्गने २०१८ मध्ये व्हीएसटी२ चे किट देणे थांबवले आणि २०२२ मध्ये आपल्या प्रोग्रॅममधून त्याचा आधार टप्प्याटप्प्याने काढून घेणार असल्याचे जाहीर केले. व्हीएसटी२ वर बांधलेली पुष्कळ जुनी गाणी त्यामुळे अर्धीमुर्धी उघडतात. गाणे पुरे झाले की सिंथचा प्रत्येक ट्रॅक एकदा इफेक्टसह आणि एकदा इफेक्टशिवाय वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवावा. फाइलच्या नावात सिंथ, त्याची आवृत्ती, पॅच आणि टेम्पो घालावा, आणि मिडीची प्रत त्याच फोल्डरमध्ये ठेवावी.